घरच्या पीसीवरचा फाइल सर्व्हर वारंवार बंद पडतो? या क्रमाने तपासा

लक्षणे

घरच्या पीसीवर फाइल सर्व्हर, म्हणजे इतरांना फाइल घेता-देता याव्यात म्हणून चालणारा प्रोग्रॅम, लावलेल्यांचा फोन आला की पहिले वाक्य ठरलेले असते: "सर्व्हर चालत नाहीये." एवढ्यावरून काहीच कळत नाही. स्क्रीनवर नेमके काय लिहून आले ते आधी पाहा. बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी असते:

- बराच वेळ नुसते फिरत राहते आणि मग "कनेक्शन टाइम्ड आउट" येते.
- बटण दाबल्या दाबल्या "कनेक्शन रिफ्यूज्ड" येते.
- कनेक्शन होते, पण पासवर्ड नाकारला जातो. एफटीपीत (फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीत) "५३०" आकड्याची ओळ येते, एसएफटीपीत (नव्या, एन्क्रिप्ट केलेल्या पद्धतीत) "ऑथेंटिकेशन फेल्ड" किंवा "अ‍ॅक्सेस डिनाइड".
- लॉगिन होते, पण फोल्डरमधली यादी दिसत नाही: "फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग".
- घरच्या वायफायवर सगळे व्यवस्थित, बाहेरून मात्र काहीच नाही.
- काल चालत होते, आज नाही. मधे कुणी हातसुद्धा लावलेला नाही.
- फाइल पोचते पण उघडत नाही, किंवा मोठी फाइल दर वेळी त्याच जागी येऊन अडते.
- मराठी नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे.
- ब्राउझरमध्ये एफटीपीचा पत्ता टाकला की काहीच उघडत नाही.

शेवटचे लक्षण लगेच निकालात काढतो. तो बिघाड नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले. विनएससीपी किंवा फाइलझिला असा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडणारा प्रोग्रॅम, वापरा, विषय संपला.

नाशिकमध्ये हे काम मुख्यतः चार प्रकारच्या लोकांकडे निघते. लग्नाचे फोटो-व्हिडिओ अल्बमवाल्याकडे पाठवणारे स्टुडिओ, डीटीपी आणि छपाईवाले, सीए लोकांची छोटी ऑफिसे, आणि सातपूर-अंबडमधली वर्कशॉप्स, जिथे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनला प्रोग्रॅम पाठवायला पीसीवर सर्व्हर लागतो. धंदे वेगळे, पण दोष तेच ते. म्हणून खालचा क्रम सगळ्यांना चालतो. वरून खाली जायचे, मधली पायरी सोडायची नाही. वरच्या गोष्टी फुकट आणि मिनिटभराच्या आहेत, खालच्या वेळखाऊ आणि खर्चाच्या.

आधी तीन जागांवरून जोडून बघा

पहिल्यांदा ज्या पीसीवर सर्व्हर आहे त्याच पीसीवरून जोडा. पत्ता १२७.०.०.१ टाका, त्याचा अर्थ "हाच पीसी". मग त्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडा, पीसीचा घरातला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून. शेवटी मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट लॅपटॉपला देऊन, बाहेरच्या पत्त्याने जोडा.

पहिल्याच जागी अडले तर दोष सर्व्हरमध्ये किंवा पासवर्डमध्ये आहे, राउटरकडे वळायचे कारण नाही. पहिले झाले आणि दुसरे अडले तर फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारी सोय) किंवा आयपी. दोन्ही झाले आणि तिसरे अडले तर राउटर किंवा इंटरनेटवाला. निम्मे काम इथेच होते. तरीही लोक थेट राउटरची सेटिंग्ज उघडून बसतात आणि चांगले चाललेले घरचे नेट घालवून बसतात.

एक फसगत टाळा. घरात बसून घरचाच बाहेरचा आयपी टाकला तर बरेच राउटर ते कनेक्शन परत आत वळवत नाहीत. बाहेरच्या माणसाला सर्व्हर नीट दिसत असतो आणि तुम्हाला वाटते बंद आहे. म्हणून तिसरी चाचणी मोबाइल डेटावरूनच करा.

"रिफ्यूज्ड" आणि "टाइम्ड आउट" यांतला फरकही उपयोगी आहे. रिफ्यूज्ड म्हणजे पीसी सापडला, पण त्या पोर्टवर, म्हणजे पीसीच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कुठलाच प्रोग्रॅम चालू नाही. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आले नाही. पण विंडोजची फायरवॉल बंद पोर्टबद्दलही गप्प बसते, त्यामुळे दुसऱ्या लॅपटॉपवर टाइम्ड आउट दिसले तरी सर्व्हर बंद असू शकतो. स्वतः पीसीवरून केलेली पहिली चाचणी या शंकेला जागा ठेवत नाही.

पीसी जागा आहे का, सर्व्हिस चालू आहे का

"काल चालत होते, आज नाही" यातली बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात.

विंडोज काही वेळ कुणी हात लावला नाही की पीसी स्लीपमध्ये टाकते. पीसी झोपला की सर्व्हरही झोपला. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग पॉवर, आणि वीज जोडलेली असताना स्लीप "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तर चालते, पीसी झोपता कामा नये. वीज जाऊन आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हावा असे वाटत असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) त्याची सोय असते. वेगवेगळ्या बोर्डांवर नाव वेगळे असते, पण "एसी पॉवर लॉस" असे शब्द शोधा.

मग सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. विंडोजसोबत येणारा, एसएफटीपी देणारा ओपनएसएसएच सर्व्हर बसवला की त्याचा स्टार्टअप प्रकार "मॅन्युअल" असतो. तुम्ही हाताने सुरू करता, दिवसभर छान चालतो. रात्री विंडोज अपडेट होऊन पीसी रीस्टार्ट होतो आणि सकाळी सर्व्हर बंद. सर्व्हिसेसची यादी उघडा, "ओपनएसएसएच एसएसएच सर्व्हर" या ओळीवर दोनदा क्लिक करा, स्टार्टअप टाइप "ऑटोमॅटिक" करा. दर महिन्याला "अपडेटनंतर बिघडतं" म्हणणाऱ्यांचा दोष बहुधा हाच असतो. अपडेटला उगाच शिव्या बसतात.

आयपी बदलला का

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी उधारीवर देतो. पीसी काही दिवस बंद राहिला, राउटर रीस्टार्ट झाला, की काल १९२.१६८.१.७ असलेला पीसी आज १९२.१६८.१.१२ होऊ शकतो. स्कॅनरमध्ये, सीएनसी मशीनमध्ये, विनएससीपीच्या सेव्ह केलेल्या साइटमध्ये मात्र जुनाच पत्ता असतो.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा आणि आताचा आकडा बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर पीसीला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही. केबल, वायफाय आणि राउटर बघा, सर्व्हरला हात लावू नका. आकडा बदललेला असेल तर कायमचा उपाय राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर करा. तिथे डीएचसीपीच्या (आयपी वाटपाच्या) भागात पीसीच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवता येतो. विंडोजमध्येच आयपी पक्का टाकून देणारेही भेटतात. तसे करून चालते, पण पुढे राउटर बदलला की त्या पीसीचे नेटच बंद होते, आणि का ते कुणाला आठवत नाही.

पिन हा पासवर्ड नव्हे

विंडोजमध्ये रोज चार आकड्यांचा पिन टाकून शिरणाऱ्या माणसाला स्वतःचा पासवर्ड बऱ्याचदा ठाऊक नसतो. सर्व्हरला पिन चालत नाही, तो फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी आहे. एसएफटीपीला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरी बाजू: खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज त्या खात्याला नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. मोकळ्या पासवर्डने फक्त समोर बसूनच शिरता येते. हा दोष नाही, ही सोय मुद्दाम केलेली आहे, ती बंद करायचे उपाय शोधू नका.

उपाय सोपा आहे. फाइल देवाणघेवाणीसाठी एक वेगळे लोकल खाते काढा, साधे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेले. त्याला लांबलचक पासवर्ड द्या आणि एकाच फोल्डरवर परवानगी द्या. सुरक्षेच्या दृष्टीने या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. बाहेरच्या माणसाला किंवा यंत्राला तुमच्या रोजच्या खात्याचा पासवर्ड दिलात, तर त्याच्या हाती टॅलीचा डेटा, बँकेची स्टेटमेंट्स, घरचे फोटो सगळेच गेले.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल आणि सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल, तर खाते लॉक झाले असेल. विंडोज ११ च्या २२एच२ पासूनच्या नव्या इन्स्टॉलमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद होते. चुकीचे प्रयत्न तुम्ही केलेलेच नसतील तर मग कुणी केले, ते लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) बघायला हवे. त्याबद्दल पुढे येईलच.

एसएफटीपी आणि एफटीपीएस: नावे सारखी, गाड्या वेगळ्या

यावर थोडे थांबतो, कारण एका अक्षराच्या हेरफेरीने लोकांची अख्खी संध्याकाळ जाते.

एफटीपीएस म्हणजे जुने एफटीपीच, वर टीएलएसचे (एन्क्रिप्शनचे) आवरण. बहुधा २१ पोर्टवर चालते, जुन्या पद्धतीत ९९० वर. एसएफटीपीचा एफटीपीशी संबंध फक्त नावापुरता. ते एसएसएच या एन्क्रिप्ट केलेल्या कनेक्शनच्या आत चालते, पोर्ट २२. एकाचा क्लायंट दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही.

गोंधळ वाढतो तो फाइलझिलामुळे. फाइलझिला क्लायंटमध्ये एसएफटीपी आहे. म्हणून लोक मोफत फाइलझिला सर्व्हर बसवतात, क्लायंटमध्ये एसएफटीपी निवडतात आणि जुळत नाही म्हणून वैतागतात. मोफत फाइलझिला सर्व्हर एफटीपी आणि एफटीपीएसच देतो. क्लायंटमध्ये "एफटीपी ओव्हर टीएलएस, एक्सप्लिसिट" निवडले की तोच सर्व्हर लगेच बोलू लागतो.

फायरवॉल: बंद करून बघणे हा उपाय नव्हे

वायफायला पहिल्यांदा जोडताना विंडोजमध्ये ते नेटवर्क "पब्लिक" की "प्रायव्हेट" हे ठरते. घाईत पब्लिक होते, आणि पब्लिक नेटवर्कवर विंडोज बाहेरून येणारे जवळपास सगळे अडवते. घरच्या किंवा ऑफिसच्या वायफायसाठी ते प्रायव्हेट करा. मग फायरवॉलच्या "इनबाउंड रूल्स"मध्ये तुमच्या सर्व्हरचा नियम चालू आहे का आणि तो प्रायव्हेटवर लागू आहे का ते बघा. ओपनएसएसएच बसवताना त्याचा नियम आपोआप तयार होतो. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. मग विंडोजमध्ये कितीही नियम लिहा, अडवणारा दुसराच असतो.

फायरवॉल दोन मिनिटे बंद करून कारण शोधणे समजू शकतो. पण "चाललं एकदाचं!" म्हणून ती तशीच बंद ठेवलेले पीसी मला वारंवार भेटतात.

लॉगिन होते, यादी दिसत नाही

हे एफटीपीचे खास दुखणे. साध्या एफटीपीत आणि एफटीपीएसमध्ये दोन्हीकडे आढळते, एसएफटीपीत नाही.

एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ चा. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून एमआयटीला गेलेल्या अभय भूषण यांनी तो लिहिला. तेव्हा ना घरोघर राउटर होते, ना फायरवॉल. त्यामुळे एफटीपीत दोन वेगळी कनेक्शन असतात. सरकारी कचेरीत अर्ज एका खिडकीवर द्यायचा आणि दाखला भलत्याच खिडकीवर घ्यायचा, तसे. हुकूम २१ पोर्टवर जातो, फाइल आणि यादी दर वेळी नव्या पोर्टवर येते.

हे नवे पोर्ट सर्व्हर सांगतो आणि क्लायंट तिथे जोडतो, त्याला पॅसिव्ह मोड म्हणतात. क्लायंटच्या लॉगमध्ये ही ओळ शोधा:

२२७ एंटरिंग पॅसिव्ह मोड (१९२,१६८,१,७,१९५,८०)

पहिले चार आकडे म्हणजे सर्व्हर सांगतोय तो पत्ता, १९२.१६८.१.७. शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. पाचव्या आकड्याला २५६ ने गुणा आणि सहावा मिळवा: १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५०००० पोर्ट. आता दोष डोळ्यांसमोर आहे. बाहेरच्या माणसाला सर्व्हर घरातला खासगी पत्ता देतोय, जो बाहेरून सापडणारच नाही. आणि ५०००० पोर्ट राउटरमध्ये उघडलेले नसेल तर पत्ता बरोबर असूनही काही होणार नाही.

उपाय: फाइलझिला सर्व्हरच्या पॅसिव्ह मोडच्या सेटिंगमध्ये पोर्टांची लहान रेंज ठरवून द्या, ५०००० ते ५०१०० वगैरे. तीच रेंज फायरवॉलमध्ये आणि राउटरमध्ये उघडा. बाहेरचा आयपी किंवा डोमेन त्याच पानावर भरा.

यातला एक पोटप्रकार कॉलेज रोडवरच्या एका स्टुडिओत अगदी नमुनेदार दिसला. मालक म्हणाले, "दादा, साधं होतं तोवर चालत होतं. तुम्ही ते टीएलएस सुरू केलं आणि यादी गेली." बरोबरच होते त्यांचे. साध्या एफटीपीत राउटर वरची २२७ ची ओळ वाचतो, पत्ता स्वतःच दुरुस्त करतो आणि पोर्ट तात्पुरते उघडून देतो. टीएलएस लावले की ती ओळ राउटरला वाचता येत नाही, मग दुरुस्तीही होत नाही. म्हणजे सर्व्हरची मूळ मांडणी आधीपासूनच चुकलेली होती, राउटर ती झाकत होता. अशा वेळी लोक टीएलएस बंद करतात, आणि तोच सगळ्यात वाईट उपाय आहे. साध्या एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. त्याच नेटवर्कवर बसलेल्या कुणालाही ते वाचता येतात, त्यासाठी हॅकर असावे लागत नाही.

फाइल पोचते पण बिघडते, किंवा अडते

झिप, पीएसडी किंवा टिफ फाइल पोचून उघडत नसेल तर ट्रान्सफरचा प्रकार बघा. एफटीपीच्या "आस्की" मोडमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हे बदलली जातात. मजकुराच्या फाइलला ते चालते, फोटोची मात्र वाट लागते. "बायनरी" करा. शंका असेल तर दोन्हीकडे विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने शा-२५६ (फाइलचा ठसा) काढा. आकडे जुळले तर फाइल अक्षरशः तीच आहे, दोष उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

व्हिडिओ बरोबर ४ जीबीच्या आसपास थांबत असेल तर पोर्ट, राउटर वगैरे विसरा. ज्या ड्राइव्हवर लिहिताय तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. आतला डेटा दुसरीकडे काढून ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा.

संथपणाची तक्रार बऱ्याचदा हिशेबाची असते. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, साडेबारा. लग्नाचा २० जीबी डेटा सगळे आदर्श असतानाही अर्ध्या तासाच्या जवळपास घेणारच. आणि बाहेरून कुणी तुमच्या पीसीवरून फाइल उतरवत असेल तर तुमचा अपलोडचा वेग मोजायचा, डाउनलोडचा नव्हे. पीसी वायफायवर असेल तर आधी लॅनची केबल लावा.

मराठी नावांसाठी क्लायंटच्या साइटमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. जुने स्कॅनर आणि डीव्हीआर ऐकत नाहीत. त्यांच्यापुरती इंग्रजी नावे ठेवा, वाद घालू नका.

राउटर आणि इंटरनेटवाला

आतून सगळे चालते, बाहेरून नाही, फायरवॉल तपासून झाली. आता राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेले कनेक्शन पीसीकडे वळवण्याची सोय) बघा: योग्य पोर्ट, पीसीच्या राखून ठेवलेल्या आयपीकडे. केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा आणि त्यापुढे तुमचा स्वतःचा राउटर, असे दोन असतील तर दोन्हीकडे फॉरवर्ड करावे लागते. नाहीतर डब्याला ब्रिज मोडमध्ये (सगळे नुसते पुढे पाठवण्याच्या मोडमध्ये) टाकून घ्यावे लागते.

त्याआधी एक फुकटची परीक्षा करा. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी बघा. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असे शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही एकच असतील तर पुढे जा. राउटरवर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा काही आकडा दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. त्यासाठीची ही रेंज २०१२ मध्ये राखून ठेवली गेली. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, वरचे दार कंपनीच्या हातात आहे. इथे थांबा. कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी मागा, किंवा पुढे सॉफ्टवेअरच्या भागात सांगितलेला टेलस्केलचा मार्ग धरा.

मग सॉफ्टवेअर कोणते

वरचे बहुतेक दोष सॉफ्टवेअर बदलले की पुन्हा उद्‌भवतच नाहीत. म्हणून माझा सरळ सल्ला: नव्याने लावताय तर एफटीपी लावूच नका, एसएफटीपी लावा. एकच पोर्ट, पॅसिव्ह मोडची भानगड नाही, आस्की मोडचा घोळ बहुतेक संपला, आणि पासवर्ड व फाइल दोन्ही मुळातच एन्क्रिप्ट केलेले. एसएसएच जन्मालाच मुळी पासवर्डचोरीतून आले. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले तेव्हा तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिले.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ओपनएसएसएच सर्व्हर विंडोजच्या "ऑप्शनल फीचर्स"मध्ये पडून आहे. पैसे नाहीत, अनोळखी साइटवरून डाउनलोड नाही, अपडेट विंडोजसोबतच. मी बहुतेकांना हेच देतो. खिडक्या-बटणे नाहीत, सेटिंग एका मजकुराच्या फाइलमध्ये, हा त्याचा तोटा. ती फाइल सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटामधल्या एसएसएच फोल्डरात असते. फोल्डर लपवलेले असते, नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे लागते, आणि बदल केल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. तिथेच "क्रूटडिरेक्टरी"ने त्या वेगळ्या खात्याला एका फोल्डरात डांबता येते.

पासवर्डऐवजी "की" (ओळख पटवणारी फाइल) लावली तर उत्तमच. एक खाच मात्र आहे: खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल तर त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधली की विंडोज वाचतच नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांसाठी त्याच प्रोग्रामडेटामध्ये वेगळी फाइल असते. "की बरोबर आहे तरी पासवर्ड मागतोय" हा प्रश्न इथूनच येतो. आपण वेगळे साधे खाते काढले असेल तर तो उपटतच नाही.

बटणांवर काम करायची सवय असेल तर बिटवाइज एसएसएच सर्व्हर बघा. खासगी, बिगरधंद्याच्या वापराला मोफत आहे. दुकानात लावताय तर परवाना विकत घ्या. अनेक ग्राहकांना वेगवेगळे फोल्डर द्यायचे असतील तर एसएफटीपीगो चांगले, ब्राउझरमधून सगळी खाती सांभाळता येतात. मॅकवर वेगळे काही नको, शेअरिंगमधले "रिमोट लॉगिन" सुरू केले की एसएफटीपी मिळते.

फाइलझिला सर्व्हर कधी? समोरचा स्कॅनर, डीव्हीआर किंवा मशीन फक्त एफटीपीच बोलत असेल तेव्हा. शक्य तर टीएलएससकट, अनॉनिमस (निनावी) प्रवेश बंद, ऑटोबॅन (वारंवार चुकणाऱ्याला आपोआप अडवणे) चालू. २०२१ मध्ये त्याची १.० मालिका आली, त्याआधीचे ०.९ काढून टाका. झॅम्प या वेब सर्व्हरच्या पॅकेजसोबत आलेला फाइलझिला सर्व्हर जुनाच असतो, तोही वापरू नका.

दोनच माणसांत किंवा स्वतःच्याच दोन पीसींत फाइल फिरवायच्या असतील तर सर्व्हर इंटरनेटवर उघडायची गरजच नाही. टेलस्केल (लांबच्या पीसींना खासगी नेटवर्कने जोडणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे बसवा आणि एसएफटीपी त्यातून चालवा. सीजीनॅटचा प्रश्न मिटतो, राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावे लागत नाही. टेलस्केलचे पत्तेही १०० ने सुरू होतात, ते बघून सीजीनॅटची धास्ती घेऊ नका. नुसते फोल्डर सारखे ठेवायचे असतील तर सिंकथिंग पुरते.

बावीस पोर्ट इंटरनेटवर उघडलेच, तर लॉगमध्ये थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून "रूट", "अ‍ॅडमिन", "टेस्ट" अशा नावांचे प्रयत्न दिसू लागतील. कुणी तुमच्यावर डूख धरलेला नाही, सगळ्या इंटरनेटवर यंत्रे अशी दारे ठोकत फिरत असतात. पोर्ट बदलल्याने गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. सुरक्षा वाढते पासवर्ड-लॉगिन बंद करून फक्त की ठेवल्याने. आणि विंडोजचे साधे फाइल शेअरिंग, म्हणजे ४४५ पोर्ट, बाहेर कधीच उघडू नका. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच शेअरिंगमधल्या भोकातून पसरला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

क्लायंट "होस्ट की बदलली आहे", म्हणजे सर्व्हरची ओळख जुळत नाही, असे ओरडत असेल तर डोळे झाकून "यस" दाबू नका. विंडोज नव्याने टाकले असेल, सर्व्हर पुन्हा बसवला असेल किंवा तो आयपी दुसऱ्या पीसीला गेला असेल, तर कारण उघड आहे. यातले काहीच झाले नसेल तर थांबा.

लॉगमध्ये तुमच्या ओळखीचा नसलेला यशस्वी लॉगिन दिसला, फाइलींची नावे किंवा एक्स्टेन्शन आपोआप बदलली, खंडणीची चिठ्ठी दिसली, तर लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. फॉरमॅट मारू नका, पुरावा तोच आहे. बॅकअपची हार्ड डिस्क त्या पीसीला लावू नका, तीही जाईल. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा किंवा शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात द्या. बाकी काम जाणकाराचे.

सीएनसी मशीनच्या कंट्रोलरमधली नेटवर्कची सेटिंग्ज स्वतः बदलू नका. पीसीच्या बाजूचे वर सांगितलेले सगळे तपासा, मशीनच्या बाजूला त्या कंपनीचा इंजिनियरच हवा. जुनी मशीन फक्त साधे एफटीपी बोलत असेल तर तिला इंटरनेटपासून तोडलेले वेगळे नेटवर्क करून द्यावे लागते, आणि तेही नेटवर्कवाल्याकडूनच करून घ्या. ग्राहकांचे पॅन, आधार, रुग्णांचे कागद अशा गोष्टी सर्व्हरवर ठेवायच्या असतील तर पहिल्यापासूनच जाणकाराला बसवा.

ट्रान्सफर मधेच अडते आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो, तर पीसी बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी चालू केल्याने वाचणारा डेटा कमी होतो.

माणूस बोलावलात तर त्याला लॉगचा स्क्रीनशॉट आणि राउटरचा पासवर्ड तयार ठेवा, अर्धा तास वाचतो. काम संपले की त्याच्यासमोरच त्याने काढलेले तात्पुरते खाते आणि रिमोटचे सॉफ्टवेअर काढून टाकायला लावा, आणि उघडलेल्या पोर्टांची यादी कागदावर लिहून घ्या. चांगला माणूस याचा राग मानत नाही.